टक् झालं की थांबायचं

फ्रेम घरी आली तेव्हा आईने ती एका हाताने उचलली, खाली ठेवली आणि विचारलं, "बाकीची कुठाय?"

बाकीची यायची होती. रविवारी सकाळी आम्ही काही मैत्रिणी दादरहून गिरगाव चौपाटीपर्यंत सायकलने जातो. माझी सायकल लोखंडी, म्हशीच्या अंगाची. मी पोचेपर्यंत बाकीच्यांचा चहा पिऊन झालेला असायचा. तयार कार्बनची सायकल घ्यायची माझी ऐपत नव्हती, म्हणून मी ती तुकड्यातुकड्याने जमवायचं ठरवलं. फ्रेम माहीमच्या एका गृहस्थांकडून जुनी घेतली. त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला होता आणि त्यांच्या बायकोला गॅलरी मोकळी हवी होती. चाकं दादरच्या सायकलवाल्याकडची, गिअर दुसऱ्याच कुठल्या सायकलचे, हँडल तिसरीचं. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं आई नेहमी म्हणते. मी अंथरूणच तुकडे जोडून शिवायला घेतलं होतं.

बाबा तेव्हा खिडकीशी बसून टीव्ही बघत होते. आवाज बंद ठेवून.

त्याचं असं आहे. बाबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात जॉबर होते. साचे म्हणजे कापड विणायचे माग, आणि ते बिघडले की चालू करून द्यायचं काम जॉबरचं. एका छपराखाली एवढे साचे दिवसरात्र खडखडत असले की माणसाच्या कानांचं काय होतं, ते वेगळं सांगायला नको. तरी आमच्या चाळीत बहिरं असं कुणी नव्हतं. मजल्यावरच्या अर्ध्या बाप्यांना ऐकू येत नसे, आणि त्यांना सगळे 'साचेखात्यातले' म्हणत, की झालं. त्यांच्याशी ओरडून बोलायचं, नाहीतर समोर जाऊन नुसते ओठ हलवायचे. आम्ही पोरं बोलायला शिकलो तीच ओरडून. बाबांना ऐकू येत नाही, हे वाक्य आमच्या घरात कुणी कधी उच्चारलं नाही. कानाच्या मशिनचा विषय मी एकदा काढून बघितला होता. त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी एका अक्षराने बोलले नाहीत. जे ऐकू येत नाही त्याला ते "हां, हां" म्हणून मान हलवतात, आणि आम्ही त्यांना समजलं असं धरून चालतो.

पुढे चाळ पडली आणि तिच्या जागी दोन इमारती आल्या. एक आम्हा जुन्या भाडेकरूंची, दुसरी तिच्या दुप्पट उंच, विकायची. तिला सगळे सेल बिल्डिंग म्हणतात. आम्हाला चौदाव्या मजल्यावर घर मिळालं. चाळीत बाबांचा हात रिकामा नसायचा. कुणाचा मिक्सर, कुणाचा पंखा, कुणाच्या शिलाई मशीनचा पट्टा. इथे सगळ्यांची दारं बंद, आणि काही बिघडलं की फोनवर बोटं आपटून माणूस बोलावतात. शेजाऱ्यांनी टीव्हीच्या आवाजाची तक्रार केली तेव्हा बाबांनी आवाज कमी केला नाही, सरळ बंदच केला. तेव्हापासून ते मुका टीव्ही बघत बसायचे. मला ते बघवत नसे. राग यायचा, पण काढायचा कुणावर?

तर ते बाबा फ्रेमपाशी आले. खाली बसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि नळीवरून अंगठा फिरवला.

"ही ट्विल आहे गो, तिरपी वीण," ते म्हणाले.

मी समोर जाऊन त्यांना सांगितलं की कार्बन म्हणजे खरंच कापड असतं, काळ्या धाग्याचं, राळेत भिजवून कडक केलेलं. त्यांनी पुन्हा अंगठा फिरवला. नंतर आईला हाक मारून दाखवलं, बघ, तिरपी रेघ दिसते का, अशी आम्ही काढायचो. आई म्हणाली, "मग हिच्या कापडात माझी नऊवार झाली असती." पण तीही वाकून बघत राहिली.

त्या दिवसापासून टीव्ही बंद झाला. मी ऑफिसातून येईपर्यंत बाबांनी काहीतरी करून ठेवलेलं असायचं. जुन्या चेनची कडी न कडी रॉकेलने धुतली. गिअरच्या वायरी मी बांधल्या होत्या त्या सोडून पुन्हा बांधल्या, कारण माझ्या बांधण्याला त्यांच्या मते शिस्त नव्हती. हँडल माझ्या खांद्यांना रुंद होत होतं. ते दोन्ही टोकांनी कापायला हवं होतं, आणि मला तर करवत लावायचीही भीती वाटत होती. बाबांनी खूण केली, चिकटपट्टी गुंडाळली आणि कापून कडा कानशीने अशा घासल्या की बोट लावलं तरी कळू नये. ते हँडल अॅल्युमिनियमचं होतं, म्हणजे बाबांच्या ओळखीचं. लिफ्टपाशी येणारी-जाणारी माणसं उघड्या दारातून डोकावू लागली. "काका, काय बनवताय?" कुणी विचारलं की बाबा "हां, हां" म्हणायचे. त्यांच्या तोंडावर इतकं समाधान असायचं की पुढे कुणी काही विचारत नसे.

कार्बनला एक मोठी खोड आहे. लोखंड जास्त आवळलं तर कुरकुरतं. कार्बन गप्प राहतं आणि एकदम तडकतं. म्हणून त्याच्या स्क्रूंसाठी वेगळा पाना मिळतो. किती आवळायचं ते त्यावर आधी लावून ठेवायचं. तेवढं आवळलं गेलं की पाना टक् असा आवाज करतो. तो मी मागवला होता. हँडलचे स्क्रू मी स्वतः त्याने लावले, आणि बाबांना दाखवलं. "टक् झालं की थांबायचं," मी म्हणाले.

"हां, हां," बाबा म्हणाले.

आता वाटतं, एवढी ढळढळीत गोष्ट. पण एका घरात एक गोष्ट इतकी वर्षं न बोलता सांभाळली की ती विसरलीही जाते.

शेवटचं काम सीटच्या दांडीचं होतं. दांडी फ्रेमच्या नळीत जाते आणि तोंडाशी कड्यासारखा एक क्लॅम्प असतो, तो आवळायचा. रविवारची दुपार होती. मी पुढे उभी राहून दोन्ही हातांनी हँडल धरलं होतं. बाबा माझ्याकडे पाठ करून सीटपाशी वाकले होते. त्यांनी पाना लावला आणि फिरवला.

टक्.

त्यांनी फिरवणं थांबवलं नाही.

"बाबा, झालं," मी म्हणाले. पुन्हा टक्. त्यांचा खांदा तसाच चालू होता. "बाबा, बस," मी जोरात ओरडले, तेवढ्यात पापडाचा कोपरा मोडावा असा बारीक, कोरडा आवाज आला.

बाबांनी पाना काढला, सीट दोन्ही हातांनी हलवून बघितली, ती हलली नाही. ते वळले. "आता बसली," ते म्हणाले. "जन्मात हलायची नाय."

आई चहा घेऊन आली. बाबांनी तिलाही सीट हलवून बघायला लावली. मी अजून हँडल धरूनच उभी होते.

ते अंघोळीला गेल्यावर मी क्लॅम्प सैल करून खाली सरकवला. केसाएवढी रेघ होती, वरच्या कडेपासून खाली, बोटाच्या पेराएवढी. नाण्याने वाजवून बघितलं. चांगल्या जागी नाणं खणखणत होतं, रेघेपाशी ठप्प बोलत होतं. दुसऱ्या दिवशी मी ती दादरच्या सायकलवाल्याला दाखवली. त्याने बराच वेळ बॅटरी मारून बघितलं. "दुरुस्ती होते, पण ती फ्रेमपेक्षा महाग," तो म्हणाला. "चालवली तर चालेलही. पण माझी बहीण असती तर मी बसू दिलं नसतं."

हे बाबांना कसं सांगायचं? तडा गेला म्हणायचं, तर कशाने ते आलंच. पाना वाजला होता म्हणायचं, तर तुम्हाला ऐकू आलं नाही, हेही आलंच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी रोज ठरवायची आणि रोज घरात शिरल्यावर बाबा विचारायचे, "चालते ना नीट?" मी म्हणायची, "मस्त."

कारण ते खिडकीतून बघायचे. सकाळी मी सायकल खाली न्यायची, जीव मुठीत धरून तिच्यावर बसायची आणि कंपाउंडच्या बाहेर पडेपर्यंत हळूहळू चालवायची. वळणावर उतरायची. मग ती हातात धरून करी रोडच्या पुलापर्यंत चालत जायची आणि तशीच परत. वळणावर पुन्हा बसायची. एकदा पुलाजवळच्या भाजीवालीने विचारलं, "पंचर झालीय का रोज?" मला हसू यायला हवं होतं. रडू आलं.

आणि इकडे बाबांचं दुकान लागलं होतं. कुणाच्या पोराची सायकल, कुणाची तीनचाकी, सगळी दुरुस्तीला आमच्या दारात येऊ लागली. ती सगळी लोखंडी होती, कितीही आवळली तरी चालणारी. बाबा दुपारी जेवले की दाराशी सतरंजी टाकून बसायचे. आई कुरकुरत पुसून घ्यायची, पण कुणी आलं की पाणीही तीच द्यायची. आमचा दरवाजा पुन्हा चाळीतल्यासारखा उघडा राहू लागला. ते बघून मला बरं वाटायचं, आणि तड्याचं सांगणं आणखी अवघड व्हायचं.

मग एका शनिवारी जेवताना बाबा म्हणाले, "त्या सेल बिल्डिंगमधे एक साहेब आहे. त्याची पण कार्बनची. सीट खाली सरकते म्हणे. वॉचमनला सांगितलंय, संध्याकाळी वर पाठवून दे."

"कुठल्या पान्याने करणार?" मी विचारलं.

"तुझ्याच की."

आता गप्प राहायची सोय नव्हती. साहेबांची सायकल बाबा माझ्या सायकलसारखीच आवळणार, आणि साहेब काही माझ्यासारखे पुलापर्यंत चालत जाणार नाहीत.

जेवण झाल्यावर आई भांडी घासायला गेली. मी बाबांच्या समोर जमिनीवर बसले. आईला कळू नये म्हणून आवाज न काढता नुसते ओठ हलवले, साचेखात्यात बोलत तसे. "बाबा, माझ्या सायकलला तडा गेलाय. सीटच्या खाली."

त्यांनीही आवाज काढला नाही. "कधी?"

"तुम्ही क्लॅम्प आवळलात तेव्हा."

ते उठले. सायकलपाशी जाऊन क्लॅम्प खाली सरकवला आणि चष्मा कपाळावर घेऊन रेघेवरून अंगठा फिरवला. एकदा, मग उलटा. "उभा धागा तुटलाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तो पाना वाजला होता?"

"वाजला होता."

"तुला ऐकू आलं?"

मी मान डोलावली.

"मग मला हात का नाय लावलास?" हे ते मोठ्याने बोलले. नळाचं पाणी बंद झालं. "साच्यावर हाक कोण मारतो? बाजूचा हात लावतो, आपण थांबतो. एवढं तुला ठाऊक नाय? माझ्या घरात वाढलीस ना?"

त्या वेळी माझे दोन्ही हात हँडलवर होते. सोडले असते तर सायकल पडली असती, तिला ओरखडा आला असता.

"वॉचमनला लाव," बाबा म्हणाले.

मी इंटरकॉम लावून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तोंडासमोर धरला, कानाला लावलाच नाही. "त्या साहेबांना सांग, सायकल पाठवू नका. मला ऐकू येत नाय. हे काम ऐकायचं आहे." ओल्या हातांनी आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. त्यांनी इंटरकॉम माझ्याकडे दिला, कारण पलीकडचा काय बोलतो ते त्यांना कळणार नव्हतं.

"ताई, ते तर आम्हाला माहितीये ओ," वॉचमन म्हणत होता. "साहेबांना पण मी आधीच बोललो होतो. ते बोलले, काही हरकत नाही, मी काकांच्या बाजूला बसतो. पाठवू ना वर?"

बाबा माझ्या ओठांकडे बघत होते. एवढ्या वर्षांत त्यांनी ते वाक्य पहिल्यांदा उच्चारलं होतं, आणि ते सगळ्या बिल्डिंगला आधीच ठाऊक होतं, हे मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? माझा हात त्यांच्यापासून वीतभर अंतरावर होता आणि मला तो उचलता आला नाही.

"नको," मी म्हणाले. "पाठवू नका."

"काय म्हणाला?" बाबांनी विचारलं.

"बरं म्हणाला."

त्यांनी मान हलवली. पाना फडक्याने पुसून त्याच्या डबीत ठेवला, झाकण दाबून बसवलं आणि डबी माझ्या हातात दिली.