बर्वेकाकांचे दोन वैमानिक

बर्वेकाका रस्त्यानं चालताना दर दहा पावलांनी मागे वळून पाहत. इंदूरजवळच्या राऊ गावातल्या आमच्या कॉलनीत ते राहायला आले तेव्हा आम्हाला वाटलं, कुत्र्यांना घाबरतात. मग कळलं, काका हवाई दलात लढाऊ विमान चालवत. "अगं, जो मागे बघत नाही ना, तो पेन्शन खात नाही," असं ते मला म्हणाले.

त्यांची लढाई मी त्यांच्याच गच्चीत ऐकली. त्यांचं लग्नही व्हायचं होतं तेव्हाची गोष्ट. सोबतच्या वैमानिकाचं विमान बिघडून परत गेलेलं. काका एकटेच ढगातून बाहेर पडले, तर समोर शत्रूची चार विमानं. त्यांनी तोफ डागली, ती दोन गोळ्यांतच अडकली.

"मग?"

"मग काय! रेडिओचं बटण दाबलं अन् ओरडलो, 'बंड्या, तू ऊपर से आ! पप्या, पीछे लग! छोडना मत, भिया!'"

बंड्या आणि पप्या हे काकांचे इंदूरचे चुलतभाऊ. बंड्या शाळेत चित्रकला शिकवायचा, पप्या तिथल्याच पोलोग्राउंड भागातल्या एका कारखान्यात फिटर. विमानात दोघंही कधी बसले नव्हते. पण शत्रू रेडिओ ऐकत होता. चारही विमानं बंड्याला शोधायला वर वळली आणि काका झाडांच्या शेंड्यांवरून निसटले.

तळावरही रेडिओ ऐकू गेला होता; उतरल्याबरोबर मोठे साहेब धावत आले. "बाकी दो कहाँ गिरे?" काकांनी खरं ते सांगितलं. तरी चौकशी बसलीच. 'श्री. बंड्या यांनी विनापरवानगी उड्डाण केले काय?' याचा लेखी खुलासा काकांना द्यावा लागला.

"काय डोकं चाललं हो तुमचं!" मी म्हणाले.

काका हसले नाहीत. "डोकं कुठलं? ते ऐकताहेत हे मला नंतर कळलं. आता मरतो असं वाटलं गं. लहानपणी पोरांनी घेरलं की ह्या दोघांनाच हाका मारायचो. तीच हाक तोंडातून निघाली."

काका गेल्या थंडीत गेले. शोकसभेला हवाई दलातले काही म्हातारे अधिकारी आले होते. पप्याकाका आधीच वारलेले. बंड्याकाका तेवढे चाकाच्या खुर्चीत, पहिल्या रांगेत. एक अधिकारी त्यांच्याकडे वाकला आणि अदबीनं म्हणाला, "सर, आप कौन-सी स्क्वाड्रन में थे?"

बंड्याकाकांनी फोटोकडे पाहिलं. डोळे पुसले.

"मैं?" ते म्हणाले. "मैं इनके ऊपर था."