टिपणीस बाईंनी काढलेली कादंबरी

टिपणीस बाई जगातल्या कुठल्याही गोष्टीची चौकशी एकाच प्रश्नानं करत, "किती निघाले?" माझ्या लग्नात अक्षता पडल्यावर त्यांनी माझं अभिनंदन-बिभिनंदन काही केलं नाही. "पंगती किती निघाल्या?" असं विचारलं आणि आकडा ऐकून "बरं आहे" म्हणाल्या. आंबिवलीच्या एका कारखान्यात त्या प्लॅनिंग खात्याच्या प्रमुख होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली. डोंबिवलीत राहायलाही आम्ही एकाच सोसायटीत, त्या दुसऱ्या मजल्यावर आणि मी तळमजल्यावर. त्यामुळे घरी आलो तरी माझी ड्यूटी काही संपत नसे.

निवृत्तीनंतर वर्षभरातच त्यांचे यजमान गेले. पुढं एकदा बाथरूममध्ये बाईंचा पाय घसरला. हाड शाबूत राहिलं, पण बंगलोरला असलेली मुलगी केतकी हटून बसली. "आई, तू तिथं एकटी नुसती बसून असतेस. आता माझ्याकडे ये." यातलं 'एकटी' बाईंनी कानाआड केलं, 'नुसती बसून' मात्र फार झोंबलं. आमच्या वाचनालयानं नेमकी तेव्हाच एक टूम काढली होती, महिन्याभरात पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहायची. बाईंनी मुलीला फोनवर सांगून टाकलं, "महिन्यात कादंबरी काढून दाखवते. निघाली तर मी डोंबिवलीतच राहणार. नाही निघाली तर ये आणि माझं सामान बांध." केतकी कबूल झाली.

"पण बाई, विषय काय?" मी जिन्यात विचारलं.

"विषय नंतर बघू. आधी माल निघू दे."

बाईंचं तत्त्वच होतं ते. "काम सुचत नसतं, काम निघत असतं" हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा ऐकलं होतं, की ते मला झोपेतही म्हणता आलं असतं. पण कादंबरीपुढं तत्त्वाचं काही चालेना. पहिल्या पानावर नायक-नायिका भेटले आणि दुसऱ्या पानावर त्यांचं लग्न झालं. मी म्हटलं, "जरा ताणायला हवं होतं." तर म्हणाल्या, "तयार माल अडकवून कशाला ठेवायचा?" तिसऱ्या पानावर मूल झालं आणि मग गाडी जी अडली ती अडलीच. आठवडा कोरडा गेला. बाई चिडचिड करू लागल्या, आणि बांधाबांध करावी लागली तर खोकी कुठून आणायची, हेही एकदा मला विचारून गेल्या. खोक्यांचं मी मुद्दामच विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माझी बेल वाजली. बाईंच्या चेहऱ्यावर जुनं तेज होतं. "चूक सापडली. एकाच मशीनवर सगळा माल काढायला गेले. उद्यापासून जॉबवर्क!"

डोंबिवलीत घरोघरी बायका राख्या चिकटवून देतात, पाकिटं भरून देतात. बाईंनी तशी कादंबरी वाटली. आपल्या समोरच्या दारातल्या सावंतकाकूंना घरगुती प्रसंग दिले. आमची बिल्डिंग ज्यांच्या शेतावर उभी आहे त्या विनायकशेठ भोईरांना भांडणं आणि जमिनीचे व्यवहार दिले. प्रेमाचं काम माझ्याकडे आलं. "तुमचं लग्न ठरवून झालंय, प्रेमाचा अनुभव नाही. म्हणजे उगाच वाढवून सांगणार नाही," असं कारणही मिळालं. प्रत्येकानं आपापला माल संध्याकाळी बाईंच्या घरी नेऊन द्यायचा, चहा घ्यायचा आणि दुसऱ्या दिवसाचं काम घेऊन जायचं. दुसऱ्याचा माल बघायचा नाही, तपासणी शेवटी.

व्हायचं तेच झालं. माझा नायक उंच होता, विनायकशेठांचा ठेंगणा आणि अंगानं दणकट. सावंतकाकूंचा नायक कुठंही गेला तरी आधी जेवायचा. ऐन आषाढी एकादशीला त्यांनी त्याला तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी वाढली. विनायकशेठांना वेगळीच काळजी. "बाई, त्याचे नावावर दोन एकर तरी करा. नायतर त्याला पोरगी कोन देल?" लग्न दुसऱ्याच पानावर उरकलंय, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

महिना संपायच्या आदल्या संध्याकाळी पन्नास हजार शब्द भरले. बाईंनी स्वतःच्या हातानं शिरा केला.

खात्री करून घ्यायला केतकी आली, तिनं दिवसभर बसून कादंबरी वाचली आणि संध्याकाळी आम्हाला सगळ्यांना वर बोलावलं. "आई, हे तू एकटीनं लिहिलेलं नाहीस," ती म्हणाली.

बाईंची मान मी पहिल्यांदाच खाली गेलेली बघितली. "जॉबवर्क आहे," त्या पुटपुटल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. आता खोकी आणावी लागणार, असं मी धरूनच चाललो.

पण केतकी हसत होती. "भांडणं तुमची ना, काका? आणि ही आमटी काकूंची. प्रेम कुणाचं तेही कळतंय, फार सभ्य आहे." मग तिनं एक पान काढलं. "पण हे कुणाचं?" तिनं वाचून दाखवलं, "शेजारीण मागायला येईल, दाराची बेल वाजेल, म्हणून ती तिचा डबा मुद्दाम परत करत नसे."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

"ते होय," आतून बाईंचा आवाज आला. "शब्द कमी पडत होते, घातलं एक वाक्य."

सावंतकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. "माझो डबो कधी वेळेवर परत येत नाय म्हणून मी किती बडबडले हिला," त्या हळूच म्हणाल्या. केतकी उठून आत गेली. बराच वेळ ओट्यापाशी मायलेकींचं काही बोलणं चाललं होतं. मग केतकी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. "सामान राहू दे इथंच," ती म्हणाली, "पण रोज कुणीतरी बेल वाजवा."

ती कादंबरी कुणी छापली नाही आणि छापू नये, असंच माझं प्रामाणिक मत आहे. बाई मात्र पुढं त्याच घरात राहिल्या आणि त्याच घरात गेल्या. तोवर सावंतकाकू रोज संध्याकाळी त्यांच्याकडे डबा मागायला जात, दिलेला नसला तरी.