आमच्या घरचा चढा गंधार

आमचे बाबा मोटारी भरायचे. म्हणजे पंप, पंखे, मिक्सर यांच्या आतली जळकी तार काढायची आणि नवी गुंडाळायची. या धंद्यापायी त्यांचा एक समज झाला होता, की जगात जे जे उघडता येतं ते ते दुरुस्तही करता येतं. आईच्या मते या समजामुळंच आमच्या घरात एकही वस्तू धड चालत नव्हती.

माझ्या जन्माच्या आसपास त्यांनी कुणाची तरी जुनी बाजाची पेटी घरी आणली. गंधार, म्हणजे सारेगममधला ग, किंचित उतरलाय असं त्यांना वाटलं. लगेच पेटी उघडली, आतली पितळेची पातळ जीभ कानशीनं घासली आणि ग जो वर चढवला तो पुन्हा काही खाली आला नाही. बाबांना तो अगदी बरोबर वाटायचा. आम्ही पोरं तर त्यावरच वाढलो. रोज संध्याकाळी दुकान बंद करून आले की बाबा हात न धुताच पेटीला बसायचे, आई टेबलावर ठेका धरायची, मी आणि धाकटी बहीण गळा काढायचो. बहिणीला सगळी गल्ली भोंगा म्हणायची. चौघांचाही ग सारखाच चढा, त्यामुळं घरात एकमत होतं. एवढं एकमत आमच्यात दुसऱ्या कशावर झालेलं मला आठवत नाही.

भोंग्याचा गळा मात्र खरंच चांगला होता. ती बारा वर्षांची झाली तेव्हा बाबांच्या मनानं घेतलं, की हिला गाण्याच्या एका नामांकित बाईंकडे घालायचं. बाई वर्षाला चारच मुली घेत. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आम्हा दोघांना घेऊन गेले. भोंगा गायला लागली आणि बाईंनी तिला मध्येच थांबवलं.

"हा ग कुठून आणलास?"

"घरून," भोंगा म्हणाली.

बाईंनी बाबांना गायला लावलं. मग मला. मग कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, हे तर घराणंच आहे!"

बाबांना ती स्तुती वाटली. ते हसले.

"पोरीचा गळा सोन्यासारखा आहे, पण कान बिघडवलेत तुम्ही," बाई म्हणाल्या. "रोज सकाळी तिला माझ्या तंबोऱ्यापाशी बसू द्या. आणि सहा महिने घरातली पेटी बंद, तुमचं गाणं बंद. तो ग तिच्या कानावर पडता कामा नये. सहा महिन्यांनी सूर लागला तर घेईन, नाहीतर नाही."

पेटी माळ्यावर गेली. संध्याकाळी करायचं काय हे कुणालाच कळेना, म्हणून आम्ही भांडायला लागलो. आई म्हणाली, "इतकी वर्षं चुकीचं गायलो, तर कुणाचं काय वाकडं झालं?" बाबा न्हाणीघरातसुद्धा मुक्यानं अंघोळ करायचे. मला त्या बाईंचा भयंकर राग यायचा आणि बाबांकडे बघवायचं नाही.

सहा महिन्यांनी बाईंनी भोंग्याला घेतलं. त्याच संध्याकाळी बाबांनी पेटी खाली काढली. मधल्या काळात गुपचूप एका जाणत्याकडून त्यांनी ती सुरात लावून आणली होती. बाबांनी एखादी वस्तू दुसऱ्याकडून दुरुस्त करून घ्यावी, यावरून काय ते समजा. भाता मारत ते गायला लागले. पेटी सुधारली होती, गळा तोच होता. मला आणि आईला काहीच खुपलं नाही. भोंग्यानं मात्र लिंबू चावल्यासारखं तोंड केलं. बाबांनी ते पाहिलं आणि ते थांबले.

मला वाटलं, संपलं. हा माणूस आता जन्मात गाणार नाही.

"कळलं तुला?" बाबांचा चेहरा फुलला होता. "बस इथं. कुठं चुकतो ते सांग."

"थोडं खाली, बाबा."

ते गायले.

"आणखी खाली."

तासभर तरी हे चाललं. बाबांची मान खाली खाली जात होती, ग जागचा हलत नव्हता. कपाळावर घाम आला होता. शेवटी भोंग्याला बघवेना.

"हां, आता लागला," ती म्हणाली.

बाबांनी भाता सोडला. "खोटं बोलतेस. तुझं तोंडच सांगतंय. अगं, घरात एकाला तरी खरं कळावं म्हणून सहा महिने गप्प बसलो मी."

भोंग्यानं नाक ओढलं, डोळे पुसले आणि ताठ बसली.

"नाही लागला," ती म्हणाली. "पुन्हा गा."