बाजाला हात लावला

"बाई, तुम्ही ओसरीवर बसा," मोठ्या बाई म्हणाल्या. "शेठजींच्या घरच्या बायका आल्या आहेत. उगाच कुणाची अडचण नको."

मी हातातला खडू ठेवला आन बाहेर आले. ओसरीवर एक खुर्ची आधीच मांडून ठेवल्ती. म्हणजे सकाळीच ठरल्तं.

वर्ग माझा. बावीस मुली माझ्या. दोन वर्षं मी त्यांना इंग्रजी शिकवल्तं, पार ए बी सी डीपासून. जालन्यात मस्तगडाच्या बाजूला व्यापाऱ्यांनी आपल्या मुलींसाठी काढलेली ती शाळा. त्या दिवशी शेठजींनी शाळेला ग्रामोफोन दिला. लाकडी पेटी, वर भोंगा, संगं इंग्रजीच्या धड्यांच्या तबकड्या. सगळे त्याला बाजा म्हणायचे.

खिडकीतून मला दिसत होतं. शेठजींनी चावी भरली, सुई टेकवली. खरखर झाली आन एक साहेब बोलायला लागला. गुड मॉर्निंग. हाऊ आर यू. बायकांनी तोंडाला पदर लावला. मुली हसल्या.

मंग हसणं थांबलं. साहेब भरभर बोलत होता. मुलींना एक अक्षर कळंना. एकेक करून त्या खिडकीकडं बघायला लागल्या. माझ्याकडं. सवय होती त्यांना.

"बाईंना विचारा तो काय म्हणून राह्यला," शेठजी म्हणाले.

मी खुर्चीवरून उठले. खिडकीचे गज धरून साहेबाचं मराठी करून सांगितलं. एकेक वाक्य. संपल्यावर टाळ्या झाल्या. बाजासाठी.

सात समुद्रापलीकडचा माणूस वर्गात बोलला. मला मात्र उंबऱ्याच्या बाहेरून बोलावं लागलं.

मी टेंभुर्णीच्या महारवाड्यातली. बाप लहानपणीच गेला. माय मला घेऊन जालन्याला आल्ती, मिशनमध्ये झाडलोट करायची. तिथल्या मडमेनं मला शाळेत घातलं. इंग्रजी मी तिच्या तोंडून शिकले. शहरात इंग्रजी येणारी दुसरी बाई मिळाली न्हाई, म्हणून या शाळेनं मला घेतलं. घेतानाच नेम सांगितले. मुलींनी वह्या टेबलावर ठेवायच्या, मंग मी उचलायच्या. माझं पाणी मी घरून आणायचं. मी हो म्हणले. दोन वर्षं मी हो म्हणले, हे मी लपवत न्हाई.

बाजा आल्यावर आणखी एक नेम झाला.

"आता उच्चार बाजा शिकवेल," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्ही फळ्यावर अर्थ लिहायचा. बाजाला हात लावायचा नाही."

चावी शेठजींची मुलगी कमला भरायची. तेरा वर्षांची. वर्गात सगळ्यात हुशार. कधीकधी सुई चुकीच्या जागी पडायची, साहेब अर्ध्यातूनच बोलायला लागायचा. मला जागा दिसत असायची. मी हात मागं बांधून उभी.

माय तवर टेंभुर्णीला परत गेल्ती. मी एका खोलीत एकटी. बाप्तिस्मा घेतला न्हाई म्हणून मिशनमधल्या बायांनी बोलणं तोडलं. गल्लीतल्या बायांना मी महारीण. आन गावी गेले की महारवाड्यातल्या बाया म्हणायच्या, आली मडम. शाळा सुटली की दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत कुणाशी एक शब्द न्हाई. सोमवारी वर्गात पहिलं वाक्य बोलताना घसा खाकरावा लागायचा. आदल्या दिवशी तोंड उघडलेलंच नसायचं.

शाळेची झाडलोट एक म्हातारी करायची. सगळे तिला खाला म्हणायचे. एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी वर्गाच्या दारात उभी राहून बाजाकडं बघत होते. तिनं झाडू भिंतीला टेकवला.

"बजाओ ना बाई. मैं दरवाजे पे बैठतूं. कोई नै आता."

मी चावी भरली. सुई ठेवली. साहेबानं विचारलं, हाऊ आर यू.

मी म्हणले, आय ॲम व्हेरी वेल, थँक यू.

खोटं होतं. पण कुणीतरी विचारल्तं. मी सुई उचलून परत मागं ठेवली. त्यानं परत विचारलं. मी परत सांगितलं. असं मी किती संध्याकाळी केलं, ते सांगायची आजही लाज वाटती.

एक दिवस खाला पाणी भरायला गेली आन कमला विसरलेली भरतकामाची पिशवी न्यायला आली.

"बाई, तुम्ही बाजाशी बोलता?"

ती हसली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. घरी जाऊन तिनं गंमत म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर बाजावर गोमूत्र शिंपडलं. हात राखून न्हाई, चांगलं भरपूर. तबकडीखालचं मखमल भिजलं. पेटीत वल गेली. मंग कमलाला चावी भरायला सांगितलं. साहेब आजारी माणसासारखा वढत वढत बोलला आन बंद पडला.

"बघा," मोठ्या बाई म्हणाल्या. "हिनं हात लावला आणि बाजा बिघडला."

शेठजींना बोलावून घेतलं. ते काही रागावले न्हाईत. "माफी मागून टाका बाई. मुलींसमोर. बात खतम."

"आणि इंग्रजीत मागा," मोठ्या बाई म्हणाल्या. "मुलींना तेवढंच शिकायला मिळेल."

चिडून बोलल्या असत्या तर मी माफी मागितली असती. मला माझं ठाऊक आहे. त्या सहज बोलल्या. शाळेचं एक काम उरकावं तशा. माझी लाज मीच काढायची, वर त्या माफीचे उच्चार मुलींकडून घटवून घ्यायचे. माझ्या अंगातलं काहीतरी तिथंच गार झालं. भीती गेली. काय जाणार होतं माझं? कोण होतं माझं?

मी खडू घेतला. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. आय टच्ड इट.

"म्हणा," मी म्हणले.

बावीस मुली म्हणाल्या. मी फळ्यावर लिहायचं आन त्यांनी म्हणायचं, दोन वर्षांची सवय. मी खाली दुसरं वाक्य लिहिलं. आय विल टच इट अगेन. त्याही म्हणाल्या. कमला मधीच थांबली. तिला अर्थ लागला. ती माझ्याकडं बघत राह्यली.

मोठ्या बाईंना इंग्रजी येत नव्हतं. "झाली माफी?"

"न्हाई."

"मग काय लिहिलं?"

"मी हात लावला. मी परत हात लावीन. असं लिहिलं."

मी टेबलाजवळ गेले. सगळ्यांच्या देखत तळहात बाजावर ठेवला. मखमल अजून वलं होतं. मंग माझी पिशवी घेतली.

"तुला संध्याकाळी आत कुणी सोडलं?" मोठ्या बाई मागून वरडल्या. मी खालाचं नाव घेतलं न्हाई. खाला फाटकाशी झाडत होती. तिनं मान वर केली न्हाई. तिचं पोट त्या शाळेवर होतं, मला कळत होतं. तरी तिनं एकदा बघायला पाहिजे होतं.

टेंभुर्णीला आले. माय म्हणली, "माफी मागितली असती तर तुझं काय झिजलं असतं?" मी तिला समजावून सांगू शकले न्हाई. आम्ही दोघी एका चुलीपाशी जेवायचो, न बोलता.

महारवाड्यातल्या पोरींना मी शिकवायला बसले. पहिल्या महिन्यात एकच आली. तीही कामाला जायला लागली. मी पाटी पुसून रोज त्याच वेळी बसत होते. आता तिघी येतात.

मधल्या काळात निजामाचं राज्य गेलं. मोठ्या बाईंचं पत्र आलं. काळ बदलला, झालं गेलं विसरावं, इंग्रजीला बाई मिळत नाही, परत यावं.

मी मराठीत उत्तर लिहिलं, त्यांना स्वतःला वाचता यावं म्हणून. "मी विसरणार न्हाई. त्याच वर्गात, मुलींसमोर, तुम्ही मला कसं वागवलं ते तुमच्या तोंडानं सांगा. आडवळणानं न्हाई, सरळ. मंग मी येईन."

उत्तर आलं न्हाई. माय म्हणती, दुसरं पत्र लिही, जरा नरमाईनं.

मी लिहिणार न्हाई. माझी अट मी लिहून दिली. त्यातला एक शब्द कमी होणार न्हाई. जन्मभर कुणी बोलावलं न्हाई तरी चालंल.