शेवटच्या आठ रकान्यांतली खूण

आमच्या विभागप्रमुखांनी माझा प्रोग्रॅम स्वतःच्या भाच्याच्या नावावर चढवला आणि मला नापास केले. हे मी तेव्हा तोंडावर सांगितले, आज लिहून सांगतो.

सत्तरचे दशक होते. आमच्या सांगलीच्या कॉलेजात कॉम्प्युटर नव्हता, फक्त कार्डांना भोके पाडणारे पंचिंग मशीन होते. प्रोग्रॅमची एक ओळ म्हणजे एक कार्ड. गठ्ठ्याच्या वर नावाचे कार्ड ठेवायचे. गठ्ठ्यांची पेटी एसटीने पुण्याच्या कॉम्प्युटरकडे जायची; आठवड्याने गठ्ठे आणि प्रिंटआउट परत यायचे. कोर्समध्ये जो पहिला येईल त्याला पुण्यातल्या एका कंपनीत प्रोग्रॅमरची जागा होती. जागा एकच.

चूक निघाली की बाकीची पोरे ते कार्ड फेकून नवे घालत. मग कोणता गठ्ठा ताजा, हे त्यांचे त्यांनाच कळत नसे. मी कुंडलचा, हळदीच्या पेठेत राबून शिकणारा. पेठेत खूण नसलेले पोते कधी बदलले जाईल याचा नेम नाही. कार्डाच्या ऐंशी रकान्यांपैकी शेवटचे आठ प्रोग्रॅमसाठी वापरत नाहीत, ते नुसते छापले जातात. तिथे मी KU1, म्हणजे कुंडलचा पहिला गठ्ठा, आणि ओळीचा क्रमांक पंच केला. दुरुस्ती केली की जुना गठ्ठा तसाच ठेवायचा आणि नवा पूर्ण गठ्ठा KU2 म्हणून पंच करायचा. परीक्षेचा प्रोग्रॅम कृष्णेच्या पाणीपातळीची सरासरी काढायचा होता; KU3 ला ती बरोबर आली. तोच निकालाच्या शेवटच्या फेरीसाठी जमा केला. पुण्याहून परत आलेला KU2 ऑफिसच्या कपाटात होता.

निकालाला टेबलावर सगळ्यांचे प्रिंटआउट मांडले. माझ्या नावाखाली चुकीची सरासरी, ओळींच्या शेवटी KU2. सरांचा भाचा विलास पहिला. त्याच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी KU3.

मी दोन्ही कागद सरांपुढे आपटले.

"त्या रकान्यांना अर्थ नसतो. मशीन ते विचारात घेत नाही," सर म्हणाले.

"मशीनचं ऱ्हाऊ द्या. तुमच्या भाच्याचं गाव कुंडल कवापासनं झालं?"

"तोंड सांभाळ!"

"बरं, सौदा करू. KU2 मधली चूक कुठल्या ओळीत हुती, एवढंच विलासनं सांगावं. सांगितली तर मी नापास कबूल."

विलास पंख्याकडे बघत बसला.

"काय रं गड्या, पंख्यावर छापलंय व्हय?"

"निकाल वर पाठवून झाला. आता बदलणार नाही," सर म्हणाले.

बाहेर ऑफिसचे क्लार्क शेखचाचा भेटले. "पेटी मी बांधली तवा तुजं नाव KU3 वरच हुतं. मग सरांनी पेटी आणि कपाटाची किल्ली मागून घेतली. पर लिहून मागू नको बाबा, नोकरी हाय."

म्हणजे वरची नावाची कार्डे तेवढी बदलली: माझे कपाटातल्या KU2 वर, विलासचे KU3 वर. जागा विलासला मिळाली. मी पुण्यात पंच ऑपरेटर म्हणून लागलो आणि चार वर्षांनी प्रोग्रॅमर झालो. हाताखालच्यांना एकच शिकवले: प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक द्या, जुने टाकू नका, आणि नावाच्या कार्डावरही तोच क्रमांक पंच करा. मी तेवढेच विसरलो होतो.

पण चोरी माझ्या विसरण्याने होत नाही. त्या निकालावर सरांखेरीज आणखी दोन परीक्षकांच्या सह्या होत्या. माझ्या नावाखाली KU2 आणि विलासच्या नावाखाली KU3, हे त्यांनाही दिसत होते. त्यांनी सही का केली? जो हयात असेल त्याने उत्तर द्यावे.