मुठीत धरलेली नळी

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. बाबा पार्शें गावचे पाडेली, लोकांच्या माडांवर चढून नारळ पाडणारे. आईने दुसऱ्यांच्या बागेत काजूबिया वेचून माझं बीएस्सी पुरं केलं. हे मी अभिमानाने सांगते, कारण पुढची चूक त्याच अभिमानाने केली.

बाबांना मलेरिया झाला. गोळ्यांनी ताप उतरला, रिपोर्टात जंतू दिसेनात. रिपोर्ट वाचून मीच सगळ्यांना सांगितलं, मलेरिया गेला. पण बाबा पिवळे पडत चालले. लघवी कोऱ्या चहासारखी. माडावर चढणाऱ्या माणसाला उंबरा ओलांडताना धाप लागू लागली. मी अशक्तपणा म्हणत राहिले. शेवटी घाबरून मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं म्हटलं, तर काका आडवे आले. देवीला कौल लावल्याशिवाय आमच्याकडे मोठं पाऊल उचलत नाहीत. गुरवाने मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. डावी पडली, म्हणजे नकार.

"उजवी पडल्याबगर दादाक हलवचो नाय," काका म्हणाले.

"तोवर बाबा गेले तर?"

"कॉलेजात देवीचो धाक शिकवत नाय, वाटता."

दुसऱ्या दिवशीही डावीच पडली. तेव्हा मी भर देवळात देवीला सुनावलं, की तुझ्या पाकळीपेक्षा माझा बाप मोठा आहे, आजपासून तुझी पायरी चढणार नाही. आणि गाडी बोलावली.

हॉस्पिटलात हिमोग्लोबिन निघालं चार. रक्त तातडीने हवं होतं, पण रक्तपेढीतली एकही पिशवी जुळेना. काकांनी हात पुढे केला, त्यांचंही जुळलं नाही. सख्ख्या भावाचं रक्त चालत नाही म्हटल्यावर ते भिंतीला टेकून खाली बसले. मला कीव आली नाही. मी रक्तपेढीच्या खिडकीवर हात आपटून भांडू लागले. आतली तंत्रज्ञ, डिचोलीची एक बाई, ड्युटी संपवून पर्स खांद्याला लावून दारापर्यंत गेली होती. ती मागे फिरली.

"आरड मागीर, बाय. पयलीं हें पळय."

ओरड नंतर, आधी बघ, म्हणत बाबांच्या रक्ताची नळी तिने माझ्यापुढे धरली. आत बारीक गुठळ्या होत्या. नळी मुठीत धरून ती उभी राहिली. काही मिनिटांनी मूठ उघडली, तर गुठळ्या विरून रक्त मोकळं हलत होतं. थंडीत धरतं, उबेत सोडतं, एवढंच बोलून तिने डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टरांनी समजावलं. जंतू मेले होते, पण त्यांच्याशी लढायला उठलेली शरीराची राखण आता बाबांच्याच लाल पेशी फोडत होती, थंडीत जास्तच; म्हणूनच तपासताना कोणाचंही रक्त जुळत नव्हतं. त्या बाईने उबेत पुन्हा तपासून पिशवी शोधली. बाबांना घोंगडीत गुंडाळून, रक्त कोमट करून हळूहळू दिलं.

नंतर तिचे आभार मानले, तर म्हणाली, घरी निघाले होते, पण पाय निघेनात. ते पाय कोणी धरले, यावर मी वाद घालणार नाही. काकांनी पाकळीची वाट पाहिली. मीही रिपोर्टालाच कौल मानलं होतं. त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही, स्वतःवरचा त्याहून नाही. तो राग घेऊनच, पायरी न चढण्याचा माझाच शब्द मोडून मी देवळात गेले आणि देवीपुढे पहिल्यांदा काहीही न मागता, न विचारता डोकं टेकलं.

बाबांचं हिमोग्लोबिन आता अकरा आहे. माडावर चढायची मनाई आहे. देवळाच्या पायऱ्या मात्र त्या दिवशी ते माझ्या पुढे, कुठेही न थांबता चढले.