मधल्या माणसाचा शब्द

सेलूजवळच्या हिवऱ्यात कुणी विचारलं, "कांताबाई, तुझा नवरा परदेशात करते तरी काय?" तर कांता सांगायची, "भांडनाऱ्यायच्या मधात बसते आन् धान्याचे पोते सोडवून आनते." प्रेमदास मूनच्या नोकरीचं याहून नेमकं वर्णन जिनिव्हातल्या कचेरीलाही जमलं नसतं.

एकाहत्तर साली पूर्व बंगालातून निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हा तो नागपुरात एम.ए. होऊन रिकामाच होता. एका परदेशी मदत संस्थेला छावण्यांचा माल सांभाळायला माणूस हवा होता. अडून बसलेल्या स्टेशनमास्तरकडून, चिडलेल्या फौजदाराकडून हा काळासावळा पोरगा आवाज न चढवता मालगाडीच्या वाघिणी सोडवून घेतो, हे संस्थेच्या साहेबांच्या लक्षात आलं. बौद्धपुऱ्यातल्या पोराला तो गुण जन्मापासूनच शिकावा लागला होता. साहेबांना ती देवाची देणगी वाटली. पाच-सहा वर्षांत तो संस्थेच्या मुख्य कचेरीत, जिनिव्हाला गेला आणि मग जिथे युद्ध, जिथे दुष्काळ, तिथे त्याची बॅग. कांता आणि म्हातारी आई जिजाबाई गावातच राहिल्या. आई गेली तेव्हा तो कंबोडियाच्या सीमेवर होता. तार मिळाली बाराव्या दिवशी.

चौऱ्याऐंशीत त्याला आफ्रिकेत पाठवलं. डोंगरात बंडखोर, राजधानीत लष्करी सरकार आणि मधल्या मुलखात माणसं गवताचं बी उकडून खात होती. सतरा दिवस प्रेमदास दोन्हीकडे हेलपाटे घालत होता. धान्याचे ट्रक जाऊ द्यायला सरकार कबूल झालं. डोंगरातला म्होरक्या मात्र अडला. पांढऱ्या दाढीचा, एका डोळ्याने अधू असलेला तो माणूस दुभाष्याला म्हणाला, "याला सांग, याच्या झेंड्यावर माझा भरवसा नाही. हा स्वतः सांगत असेल तर माझी माणसं धान्य घ्यायला खाली मैदानावर येतील. ट्रकांमागे शिपाई येणार नाहीत ना?"

"नाही येणार," प्रेमदास म्हणाला.

दोन खेपा सुरळीत झाल्या. तिसऱ्या खेपेला पोती उतरली आणि शिपायांनी मैदानाला वेढा घातला. धडधाकट बायकापुरुष निवडून त्याच रिकाम्या ट्रकांत कोंबले. दूर दक्षिणेला सरकारला नव्या वसाहती बसवायच्या होत्या, त्यासाठी माणसं हवी होती. प्रेमदास अधिकाऱ्यापुढे आडवा झाला, तर त्याने त्याला हाताने बाजूला सारलं, दारातलं ढोर सारावं तसं. ट्रकांवर संस्थेचं नाव होतं. त्यांच्यामागे धावणाऱ्या बायका त्या नावाकडे आणि प्रेमदासकडे पाहत होत्या.

त्याने सात पानांचा अहवाल लिहिला. वरिष्ठांनी शांतपणे वाचला आणि म्हणाले, "हे बाहेर गेलं तर उद्या आपल्याला देशाबाहेर काढतील. मग उरलेल्यांना कोण खायला घालणार?"

बोलणं खोटं नव्हतं. प्रेमदासने अहवालातली चार पानं काढून टाकली, 'वाटप पूर्ण' असं लिहिलं आणि सही केली. पुढच्याच महिन्यात त्या सरकारने संस्थेला हाकलून दिलं. सहीने कुणाचंच पोट भरलं नाही. जिनिव्हात त्याला बढती देऊ केली. त्याने राजीनामा दिला. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तो हिवऱ्याला परतला.

बौद्धपुऱ्यातला हातपंप दोन महिने बंद होता. बाया गावच्या विहिरीवर घागरी घेऊन उभ्या राहायच्या. कुणाला दया आली तर वरून ओतून द्यायचा. प्रेमदास सरपंच रूपरावांकडे गेला. दोघं एकाच शाळेतले, फक्त बसायच्या जागा वेगळ्या.

"अरे, तू तं जगाचे भांडनं मिटवले," रूपराव हसले. "पाठव ना बायायले. कोनी काई म्हननार नाई. माहा शब्द हाय."

प्रेमदास घरी आला. कांताने विचारलं, "काय म्हने सरपंच?"

"हो म्हने."

"मंग सांगू का बायायले? जाऊ का आमी?"

"मले नको विचारू, कांता. मी कोनालेच जा म्हननार नाई."

"काऊन? तिकडं परमुलखातल्या लोकायले शब्द देत फिरले. घरच्यांसाठी एक निघत नाई तोंडातून?"

तिला त्या मैदानाबद्दल त्याने कधीच सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कांताच अकरा बायांना घेऊन गेली आणि त्यांनी आपल्या हाताने पाणी शेंदलं. खरंच कुणी काही म्हणालं नाही. तीन दिवसांनी विहिरीत मेलेलं कुत्रं तरंगताना दिसलं.

मग तहसीलदार आले, शांतता समिती नेमली. परदेशचा अनुभव म्हणून प्रेमदासला पहिली खुर्ची. त्याने एकच प्रश्न विचारला, "कुत्रं कोनं टाकलं?" रूपराव छताकडे पाहू लागले. तहसीलदार म्हणाले, "मूनसाहेब, तुम्ही तर जाणकार. मागचं उकरून काय मिळणार?" हे वाक्य त्याने स्वतः किती देशांत किती जणांना ऐकवलं होतं! तो उठून बाहेर आला. कागदावर 'चर्चा खेळीमेळीत झाली' असं लिहिलं गेलं.

दोन टँकर सुरू झाले, एक गावाला, एक बौद्धपुऱ्याला. पावसाळ्यानंतर तशाच दोन बोअरवेल. वाद मिटला म्हणून रूपरावांचा तालुक्याला सत्कार झाला. विहीर उपसली, पण तिचं पाणी पुन्हा कुणीच प्यायलं नाही.

प्रेमदास गाव सोडून बोरगाव मेघेला खोली घेऊन राहू लागला. लोकांचे इंग्रजी अर्ज लिहून द्यायचा. कुणी म्हटलं, "साहेब, आमच्याकडून दोन शब्द बोला ना," तर हातातला कागद परत करायचा. कांता त्याच्यासोबत गेली नाही. ती हिवऱ्यातच राहिली. पुढच्या निवडणुकीत ती पंचायतीला उभी राहिली आणि नऊ मतांनी पडली.